बॉयलरचा ड्राफ्ट आणि न हलणारा काटा

साखर कारखान्याच्या बॉयलर कंट्रोल रूममध्ये पाहुणा आला की आधी स्टीम किती आहे ते विचारतो. मग ड्रमची लेव्हल, मग टर्बाइन किती मेगावॉटवर चाललंय ते. स्क्रीनच्या कोपऱ्यात फर्नेस ड्राफ्टचा, म्हणजे भट्टीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किती कमी-जास्त आहे त्याचा, एक आकडा असतो, मायनस पाचच्या आसपास. त्याच्याबद्दल विचारणारा क्वचितच भेटतो. मी इन्स्ट्रुमेंट विभागात काम करते, आणि माझं मत असं की अख्ख्या बॉयलरमध्ये काही बिघडायला लागलं की सगळ्यात आधी हाच आकडा बोलतो. हंगाम तोंडावर आलाय, दाब मोजून आकडा स्क्रीनवर पाठवणारे ट्रान्समीटर उतरवून टेबलावर मांडलेत, म्हणून हे लिहायला बसले.

ड्राफ्ट मिलिमीटर पाण्यात मोजतात. यू आकाराच्या नळीत पाणी भरायचं, एक टोक फर्नेसला जोडायचं, दुसरं हवेत मोकळं सोडायचं. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत जेवढा फरक पडतो तेवढा ड्राफ्ट. याच मापात वातावरणाचा दाब सुमारे १०,३३२ मिमी भरतो, म्हणजे मायनस पाच हा त्याचा दोन हजारावा भाग झाला. आमच्या बॉयलरची स्टीम दर चौरस सेंटीमीटरला ४५ किलोची, तिचा दाब याच मापात साडेचार लाख मिमी होतो. इतका क्षुल्लक आकडा कशाला जपायचा, असं नव्याने आलेल्या पोरांना वाटतं, त्यात नवल नाही.

पण एक मिमी पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर एक किलो भार. फर्नेसची एक भिंत सहा मीटर रुंद आणि बारा मीटर उंच धरली तर क्षेत्रफळ ७२ चौरस मीटर. दहा मिमीचा फरक पडला तर त्या भिंतीवर ७२० किलो ढकललं किंवा ओढलं जातं. आयडी फॅनच्या, म्हणजे जळालेला वायू ओढणाऱ्या पंख्याच्या, ओढीने २०० मिमीचा फरक चुकून फर्नेसमध्ये आला, तर तीच भिंत १४ टनांपेक्षा जास्त भार झेलत असते. औष्णिक वीज केंद्रांतल्या मोठ्या बॉयलरमध्ये इंधन अचानक तुटलं की आतला तापलेला वायू झपाट्याने थंड होऊन आकसतो, आयडी फॅन मात्र ओढतच राहतो, आणि भिंती आत वाकण्याची भीती असते. आपल्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडांवर चालणाऱ्या, बॉयलरला तेवढे ताकदीचे पंखे नसतात, पण डक्टचा पत्रा आत ओढला गेलेला मी बघितलाय.

मुळात मायनस का ठेवायचं? आमच्याकडे एफडी फॅन जाळीखालून हवा देतो, एसए फॅन बगॅस उडवून फर्नेसभर पसरवतो आणि आयडी फॅन जळालेला वायू ओढून चिमणीत सोडतो. ढकलणारे आणि ओढणारा यांचा मेळ असा बसवायचा की फर्नेस बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी दाबावर राहील. चुलीत फुंकणीने जोरात फुंकलं आणि धुराड्याने तेवढं ओढलं नाही, तर धूर स्वयंपाकघरात येतो. इथे धुराच्या जागी हजार अंशाच्या घरातल्या ज्वाळा असतात आणि सोबत कार्बन मोनॉक्साइड. फर्नेस पॉझिटिव्ह गेली की पीपहोल (आत बघायचं भोक), दारांच्या फटी, बगॅस आत सोडणाऱ्या च्यूट, जिथे वाट मिळेल तिथून ते बाहेर येतं. च्यूटमध्ये बगॅसचा थर भरलेला असतो तोवर तोच सील म्हणून काम करतो. मिल थांबून च्यूट रिकामी झाली आणि नेमकी त्याच वेळी फर्नेस पॉझिटिव्ह असली, तर आग उलटी चढून थेट बगॅसच्या कन्व्हेयरपर्यंत जाऊ शकते.

एक गोष्ट अनुभवी माणसांच्याही लक्षात येत नाही. फर्नेस ही स्वतःच एक चिमणी आहे. आत ९०० अंशाचा हलका वायू, बाहेर साधी हवा. बारा मीटर उंचीत एवढ्यानेच सुमारे दहा मिमीचा फरक पडतो. म्हणजे टॅपिंग, दाब मोजायची नळी फर्नेसला जोडतात ती जागा, खाली जाळीजवळ असेल आणि तिथे मायनस पाच दिसत असेल, तर वर छताजवळ प्लस पाच असणार. खाली सगळं छान दिसतं, आणि वर छताच्या सांध्यांतून राख आणि धूर येत राहतो, मग इन्सुलेशन वाईट आहे म्हणून ठेकेदाराला बोलावतात. म्हणून फर्नेस ड्राफ्टचं टॅपिंग वर, छताच्या जवळ हवं. बॉयलर जुना असेल आणि टॅपिंग खाली असेल, तर सेट पॉइंट, म्हणजे कंट्रोलने राखायचा आकडा, त्या हिशेबाने ठेवावा लागतो, दुसऱ्या कारखान्याचा मायनस पाच उचलून आपल्याकडे लावून चालत नाही.

आता चिमणी. मुंबईच्या गिरण्यांच्या विटांच्या उंच चिमण्या अनेकांनी बघितल्यात. त्या काळच्या बॉयलरचं सगळं ओढणं चिमणीच करायची, म्हणून ती एवढी उंच. हिशेब सोपा आहे: बाहेरच्या हवेची घनता वजा आतल्या वायूची घनता, गुणिले उंची, की उत्तर थेट मिमी पाण्यात येतं. चिमणी ६० मीटर, आतला वायू १५० अंश, बाहेर ३० अंश धरलं तर सुमारे २० मिमी. जानेवारीत पहाटे बाहेर १२ अंश असतील तेव्हा तेच २४ मिमी होतं आणि एप्रिलमध्ये दुपारी ४० अंशांत साडेसतराच्या आसपास येतं. हे समुद्रसपाटीचे आकडे. आमच्यासारखी साडेपाचशे मीटर उंची असली की थोडे खाली येतात, आणि चिमणीतल्या घर्षणातही काही मिमी जातात. पण पहाटे आणि दुपारी आयडी फॅनचा वेग वेगळा का लागतो, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. वेट स्क्रबर (वायू पाण्याने धुणारं यंत्र) असलेल्या बॉयलरवर वायू ७५ अंशांपर्यंत थंड होऊनच चिमणीत जातो, तिथे हे २० मिमी निम्म्याहून खाली, नऊच्या आसपास येतं. ज्यांनी स्क्रबर काढून ईएसपी (विजेच्या भाराने राख पकडणारं यंत्र) बसवला त्यांना चिमणी जास्त ओढायला लागल्याचं जाणवलं असेल, ते यामुळे.

बॉयलर अग्निप्रदीपनाच्या दिवशी हे डोळ्यांना दिसतं. पूजा होते, संचालकांच्या हस्ते लाकडं पेटवली जातात, फोटो निघतात, आणि पहिला धूर वर जायला तयार नसतो. चिमणी महिनोन्महिने थंड पडलेली, आत बाहेरच्याच तापमानाची हवा, मग ती ओढणार काय? म्हणून विधी सुरू व्हायच्या आधीच डँपर, म्हणजे वायूच्या वाटेतल्या झडपा, उघडे आहेत ना ते बघून आयडी फॅन अगदी हळू फिरत ठेवायचा. मंडपातली माणसं दारासमोर दाटीवाटीने उभी असतात, आणि त्या दिवशी ड्राफ्टकडे बघणारा एक माणूस फक्त तेवढ्याच कामाला हवा, असा माझा आग्रह असतो.

फर्नेसचा आकडा हा एकच टप्पा झाला. तिथून चिमणीपर्यंत वायू जातो त्या वाटेवर प्रत्येक ठिकाणी टॅपिंग असतं, आणि ते आकडे ओळीने वाचले की बॉयलरचा आतला नकाशा मिळतो. आमच्या बॉयलरला पूर्ण लोडवर, स्वच्छ असताना, फर्नेस मायनस ५, बँकनंतर (बॉयलरच्या ट्यूबचा जुडगा) मायनस २०, इकॉनॉमायझरनंतर (इथे वायू बॉयलरचं पाणी तापवतो) मायनस ४५, एअर प्रीहीटरनंतर (इथे एफडीची हवा तापते) मायनस ८५, आणि आयडीच्या तोंडाशी मायनस १३० च्या पुढे. प्रीहीटरचा वाटा चाळीस. हंगाम चढत जातो तसा हा चाळीसचा पन्नास होतो, मग साठ. ट्यूबमध्ये राख बसते आहे, याचा याहून सरळ पुरावा नाही. अटेंडंट म्हणतो आयडीचे अँपिअर वाढलेत, मोटर बघा. मोटरला काही झालेलं नसतं, वाट अरुंद झालेली असते. उलट हा फरक अचानक कमी झाला आणि आयडी मात्र जास्त ओढतोय असं दिसलं, तर प्रीहीटरच्या ट्यूब कुजून एफडीची हवा मधल्यामध्ये वायूत मिसळतेय का ते बघायचं. तेव्हा प्रीहीटरच्या आधी आणि नंतर ऑक्सिजन मोजला की लगेच कळतं.

हे आकडे ताडताना लोड बघायलाच हवा. प्रवाह दीडपट झाला की फरक दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो, कारण तो वर्गाने वाढतो. १०० टन स्टीमला ४० असेल तर ८० टनाला २६ हवा. ८० टनाला ४० दिसत असेल तर ट्यूब बऱ्याच बुजल्यात. लॉगबुकात नुसता ड्राफ्ट लिहितात आणि शेजारी लोड लिहीत नाहीत, तेव्हा ती नोंद निरुपयोगी होते. आमच्या तक्त्यात मी दोन्ही रकाने शेजारी घेतलेत आणि ते भरून घेते.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं. जिवंत फर्नेसचा ड्राफ्ट कधीच स्थिर नसतो. बगॅस ओली-सुकी येते, फीडर कमी-जास्त टाकतो, ज्वाळा सतत उसळत असते. मायनस पाच म्हणजे मायनस तीन ते मायनस सात यांच्यात सतत हलणारा काटा. तो हलायचा थांबला तर फर्नेस शांत झाली असं समजायचं कारण नाही, टॅपिंग बुजलेलं असतं.

एका हंगामात जानेवारीत, दुपारपाळीला आमच्या अटेंडंटचा फोन आला. त्यांना सगळे आण्णा म्हणतात. बॉयलरवर त्यांचं आयुष्य गेलंय. म्हणाले, “ताई, तुमचा काटा झोपलाय. वर मायनस पाच दावतोय आन् खाली भट्टी भायेर येतीया.” मी पोचले तोवर त्यांनी आयडी ऑटोवरून काढून मॅन्युअलला घेतला होता, वेग वाढवला होता आणि एफडी थोडा उतरवला होता. फीडरच्या च्यूटचा रंग एका बाजूने फुगून पापुद्रे सुटले होते. स्क्रीनवर ट्रेंड मागे नेऊन बघितला. दोन तास आधीपर्यंत दातेरी रेषा, आणि तिथून पुढे फूटपट्टीने ओढल्यासारखी सरळ.

झालं होतं असं. मिल थोडा वेळ थांबून परत चालू झाली, स्टीमची मागणी वाढली, एफडी ऑटोमध्ये वर गेला. आयडीला मात्र मायनस पाचच दिसत होतं, कारण नळीत तेवढा दाब अडकून बसला होता. कंट्रोलरच्या दृष्टीने चूक शून्य, मग तो आयडी कशाला वाढवेल? तो त्याचं काम बरोबर करत होता, त्याला कळवणारी नळी मेली होती. टॅपिंगच्या नळीवरच्या टी आकाराच्या जोडाचा प्लग काढला. आत उडणारी राख आणि वायूतली वाफ मिळून तयार झालेला गोळा होता, ओल्या सिमेंटसारखा राखाडी, टोकाला कडक झालेला. सळई घालून ठोकल्यावर तो फर्नेसमध्ये पडला आणि आतल्या ओढीने टीच्या उघड्या तोंडाशी हवेचा सुर्र आवाज आला. प्लग लावल्यावर वर कंट्रोल रूममधून ओरडून सांगितलं, “हलाय लागला!”

आण्णांना कळलं ते पीपहोलवरून. ते बाजूला उभे राहून झडप जराशी किलकिली करतात आणि बगॅसचा एक लांब तंतू तोंडाशी धरतात. आत ओढला गेला तर मायनस. त्या दिवशी तो बाहेर उडाला. नव्या पोरांनी हे शिकावं, पण पीपहोलच्या समोर तोंड नेऊन कधीच नाही. बाजूला उभं राहायचं, हातात मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

त्यानंतर आम्ही जे बदल केले ते इतर कारखान्यांतल्या माझ्यासारख्यांच्या उपयोगी पडतील म्हणून सांगते. टॅपिंगची नळी अर्धा इंची होती, ती दीड इंची केली आणि फर्नेसकडे तिरकी उतरती बसवली, म्हणजे राख आणि पाणी आपोआप आत परत जातं. वळणावर एल्बो (कोपऱ्याचा जोड) न लावता टी आणि प्लग, म्हणजे सळई सरळ जाते. एकाच्या जागी तीन स्वतंत्र टॅपिंग आणि तीन ट्रान्समीटर. कंट्रोलला मधला आकडा आणि ट्रिपला, म्हणजे बॉयलर आपोआप बंद करायला, तिघांतल्या दोघांचं मत. आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यात उपयोगी बदल म्हणजे डीसीएसमध्ये, म्हणजे कंट्रोल रूमच्या संगणकात, छोटंसं लॉजिक टाकलं: गेल्या मिनिटातल्या सर्वांत जास्त आकड्यातून सर्वांत कमी आकडा वजा करायचा, फरक अर्ध्या मिमीपेक्षा कमी आला तर अलार्म. म्हणजे काटा झोपला की आता कंट्रोल रूमच आण्णांना सांगते. याला एक रुपयाही लागला नाही. प्रत्येक बगॅस बॉयलरवर हे असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

ट्रान्समीटरची रेंज हा दुसरा जिव्हाळ्याचा विषय. फर्नेसवर मायनस १०० ते शून्य रेंजचा ट्रान्समीटर बसवलेला मी प्रत्यक्ष पाहिलाय. तो पॉझिटिव्ह कधी दाखवूच शकत नाही! फर्नेस प्लस वीस गेली तरी पडद्यावर शून्य. फर्नेसला मायनस २५ ते प्लस २५ अशी रेंज घ्यावी. एवढ्या लहान रेंजला ट्रान्समीटर जरा कलता बसला तरी झिरो सरकतो, म्हणून टेबलावर केलेलं कॅलिब्रेशन पुरत नाही, जागेवर बसवून झिरो परत बघावा लागतो.

आणि ट्रान्समीटरचं दुसरं पोर्ट (तोंड), जे हवेला मोकळं असतं, ते कुणी बघतच नाही. त्याला स्थिर हवा हवी. एफडीच्या सक्शनजवळ असेल किंवा वाऱ्याच्या झोतात असेल तर मापच चुकतं. बंद हंगामात त्यात कुंभारमाशी घर करते. पावसाळ्यानंतर बघितलं तर पोर्टच्या तोंडावर वाटाण्याएवढा मातीचा गोळा, आत अळी आणि तिच्यासाठी ठेवलेले कोळी. बाहेरून बघणाऱ्याला ती गंजलेली नळी वाटते. आता प्रत्येक मोकळ्या तोंडाला बारीक जाळीची टोपी आहे, तरीही अग्निप्रदीपनाआधी एकेक टोपी काढून मी स्वतः बघते.

जागेवर एक तिरका मॅनोमीटरही ठेवलाय, एकास दहाच्या उताराचा. पाच मिमीचा फरक त्यात पन्नास मिमी लांब दिसतो. लाल तेल भरलेली साधी नळी. वीज गेली, केबल जळाली, कार्ड बिघडलं, तरी ती खरं सांगते. जुनं म्हणून तो काढून टाकायचा प्रस्ताव आला होता, मी विरोध केला आणि तो राहिला.

जास्त मायनस ठेवणं सुरक्षित, अशी एक समजूत पसरलेली आहे. मायनस पंधरावर चालवलं की पॉझिटिव्हची भीती नाही, खरंय. पण प्रत्येक फटीतून थंड हवा आत येते, बगॅसचे बारीक कण जळायच्या आतच वर उचलले जाऊन राखेसोबत जातात, चिमणीला ऑक्सिजन वाढतो, आणि वाफ तेवढीच देताना बगॅस जास्त लागते. आयडीची वीजही फुकट जाते. व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) वेग दहा टक्के कमी केला तर वीज सुमारे २७ टक्के कमी लागते, आणि सहवीजनिर्मितीच्या कारखान्यात वाचलेलं प्रत्येक युनिट ग्रिडला विकता येतं. शिवाय उडालेली राख शेवटी ईएसपीवर आणि चिमणीवर येते. चिमणीतले धूलिकण ऑनलाइन मोजले जातात आणि आकडे थेट प्रदूषण नियंत्रण मंडळाला दिसतात. तिथला आकडा वाढला की सगळे धावतात. त्याचं मूळ कित्येकदा फर्नेसच्या मायनस पंधरात असतं. बॉयलरचा कायदा, आधीचा १९२३ चा काय आणि आत्ताचा २०२५ चा काय, मुख्यतः दाबाखालच्या भागांची काळजी घेतो. ड्रम, ट्यूब, सेफ्टी व्हॉल्व्ह, गेज ग्लास हे निरीक्षक तपासून जातात. ड्राफ्ट सांभाळायचा आपणच.

शेवटचा मुद्दा जिवाचा. ज्या कारखान्यांत दोन बॉयलर एकाच चिमणीवर आहेत, तिथे एक चालू ठेवून दुसऱ्याच्या आत ट्यूब बदलायला माणसं उतरतात. चिमणीच्या तळाचा ड्राफ्ट मायनस असतो तोवर बंद बॉयलरमधून हवा ओढली जाते आणि काही होत नाही. पण चालू बॉयलरचा लोड वाढला, दुपारच्या उन्हाने चिमणीची ओढ कमी झाली, की तिथला दाब शून्याच्या वर जाऊ शकतो, आणि बंद बॉयलरच्या गळक्या डँपरमधून वायू माघारी येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. डँपर बंद आहे हा पुरावा धरता येत नाही, बगॅसच्या राखेने घासलेला डँपर घट्ट बसतच नाही. म्हणून आमच्याकडे आधी डक्टमध्ये लोखंडी प्लेट टाकून बोल्ट आवळतात, चिमणीच्या तळाच्या ड्राफ्टला प्लसचा वेगळा अलार्म लावलाय, आणि गॅस मीटर आत सोडून आकडा परमिटवर लिहिल्याशिवाय मॅनहोलमधून कुणाला उतरू देत नाहीत.